रोजरीला साथ

माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकणार. ही वही कुणाच्या हाती पडली तर माफ करा. काल संध्याकाळी मेणबत्ती आपोआप विझली आणि धुराच्या वासाने मोहने गावच्या चाळीतली माझी आजी आठवली. पोर्तुगीज राजवटीत, सोळाव्या वर्षी, आईला न सांगता ती गोव्याहून इकडे कामाला आली. पुन्हा भेट झाली नाही, आई वारल्याचं पत्रच आलं. रोज दिवेलागणीला ती आईच्या आत्म्यासाठी रोजरी, म्हणजे जपमाळेवरच्या प्रार्थना, म्हणायची. प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग ती म्हणे, दुसरा मी. “तू साथ दिली नाहीस तर माझी आई अर्ध्या वाटेवर राहील गो,” म्हणायची. एकदा मी खेळण्याच्या नादात उशिरा आले. दाराबाहेरूनच ऐकू आलं, आजीला कुणी बाई साथ देत होती, तीही आमच्यासारखी मराठीत नाही, कोकणीत. मी आत गेले तर आजी एकटीच. समोरची मेणबत्ती नुकतीच विझलेली. “कोण होतं आजी?” मी विचारलं. “तू आली नाहीस, मग तिलाच यावं लागलं,” आजी डोळे पुसत म्हणाली, पण हसत होती. त्यानंतर तिने मला साथीला कधी बोलावलं नाही. आता डोंबिवलीत मी आजीसाठी रोजरी म्हणते, दोन्ही भाग एकटीच. काल मेणबत्ती विझल्यावर मात्र दुसरा भाग मला म्हणावा लागला नाही, आणि मी मागे वळून पाहिलं नाही.