आडवं सरकवा

पिन चुंबकाला खाडकन चिकटली आणि तिच्याबरोबर माझी पोरगीच कडेवरून पुढं ओढली गेली. दृष्ट लागू नये म्हणून तिच्या झबल्याला काळे मणी सेफ्टी पिनेनं टाचलेत. मी प्रयोगशाळेत टेबलावर फडकं मारत होते, शेजारचं विजेवरचं मोठं चुंबक चालू आहे हे ध्यानातच आलं नाही. पिन उघडली, टोक तिच्या गळ्यापाशी, आणि मी जीव खाऊन मागं ओढतेय, तर झबलं गळ्यात रुततंय.

"मावशी, ओढू नका! आडवं सरकवा, आडवं!" चुंबकाचं बटण बंद करायला धावता धावता प्रयोगशाळेतल्या मॅडम ओरडल्या.

आडवं सरकवलं, सुटली. गळ्यावर एक लाल ओरखडा, बस.

मॅडमनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, "या चुंबकात मी दिवसभर एक खडा फिरवत बसते, मावशी. खारी बिस्किटासारखे पापुद्रे आहेत त्याला. एका बाजूनं धरला की वीज सहज जाते, जरा वळवला की तीच वीज अडखळते. खडा तोच, चुंबक तेच."

मी आठवी शिकलेली, मला त्यातलं काय कळणार? पण आई तीच, पोर तीच, हातातला जोरही तोच. नुसती बाजू बदलली म्हणून ती आत्ता माझ्या मांडीवर हुंदके देतेय. नाहीतर मायेनं ओढून ओढून मीच तिला... बोलवत नाही पुढं. घाबरल्यावर बाजू सुचते कुणाला? हात आपल्याकडंच ओढतात. खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?