शांतवनदादांचे चौथे कडवे

प्रथम दिवस नोंदवतो. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, जिल्ह्याच्या लोकगीत संकलन समितीच्या ग्रंथाचे प्रकाशन झाले. त्याच आठवड्यात उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी तो ग्रंथ मी स्वतः बेलापूरला शांतवनदादांच्या हाती दिला. पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, दुसऱ्या दिवशी, सोमवारी पहाटे, ते गेले. मंगळवारी त्यांचे दफन झाले. ग्रंथामुळे मृत्यू ओढवला, असा माझा आरोप नाही. दादा नव्वदीला आले होते आणि त्यांचे हृदय थकलेले होते. माझा आरोप वेगळा आहे, आणि तो तिघांवर आहे. पहिले, समितीचे अध्यक्ष. दुसरे, पूर्वी कधीतरी गावोगाव फिरून गाणी ध्वनिमुद्रित करून नेणारे एक कॅसेटवाले. तिसरे, खुद्द शांतवनदादा. आयुष्य न्यायालयाच्या कचेरीत गेल्यामुळे मृतावर आरोप ठेवता येत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही त्यांचे नाव मी या यादीतून काढणार नाही. अध्यक्षांचे नाव मात्र मी लिहीत नाही. आपले नाव गाळले गेले की कसे वाटते, याचा अनुभव त्यांनाही यावा.

दादा तरुणपणी मिशनच्या छापखान्यात छपाईचे खिळे जुळवत. पुढे त्यांनी बेलापुरात पायाने चालवायचे एक जुने छपाईयंत्र आणून स्वतःचा छापखाना थाटला आणि पातळ रंगीत कागदावर गाण्यांच्या पुस्तिका छापू लागले. गाणी बहुतेक त्यांचीच. वडील ख्रिस्ती मंडळीत कीर्तन करीत, त्यामुळे ताल घरातलाच होता. विषय मात्र त्यांनी आजूबाजूच्या उसाच्या फडांवरून उचलले. ऊसतोडीला शेवगावकडून येणाऱ्या टोळ्यांच्या कोपींवर, पाचटाच्या झोपड्यांपाशी, ते संध्याकाळी जाऊन बसत. तिथेच ते गाणे झाले, जे आज जिल्ह्यातल्या प्रत्येक हळदीला वाजते : ‘कोपीच्या दारी आलं चांदणं, बसाया न्हाई पाट, पाचट सारून केली मी बाई पाव्हन्याला वाट.’ हे गाणे चार कडव्यांचे आहे. चौथ्यात जुन्या रिवाजाप्रमाणे कर्त्याचे नाव गुंफलेले आहे. कर्त्याने शेवटच्या कडव्यात आपले नाव सांगावे, हीच आपल्याकडे गाण्याच्या मालकीची नोंदणी. प्रकाशक म्हणून दादा त्या रिवाजाचे इतके कडक पहारेकरी होते की, एका गवळणीच्या कर्त्याचे नाव चुकीचे छापले गेले म्हणून त्यांनी तयार झालेला सगळा गठ्ठा चुलीत घातला होता.

...आणि याच माणसाने स्वतःच्या नावाचे काय केले? राहाता, शेवगाव, बेलापूर, जिथला बाजार असेल तिथे ते खिळ्यांचा रिकामा लाकडी खोका उपडा घालून त्यावर उभे राहत आणि खड्या आवाजात गाणे सुरू करीत. माणसे जमत. तिसरे कडवे संपले, ऐकणाऱ्यांच्या माना डोलू लागल्या, की दादा हात वर करून थांबत आणि म्हणत, “पुढचं पुस्तकात!” हशा पिके, शिव्याही पडत. “आरं, जेवायला बसवून ताट वढतो व्हय?” असे एकदा एका बाईने ओरडून विचारल्याचे मला आठवते. दादांचे उत्तर तयार होते : “ताट हितंच हाय, मावशी. घरी घेऊन जा.” पुस्तिका खपत. पण ज्यांनी विकत घेतली नाही, त्यांनी गाणे कानाने नेले, आणि कानाने तीनच कडवी गेली. तीन कडवी फडावर गेली, लग्नात गेली, बँडवाल्यांकडे गेली. नाव मागे राहिले. आपली विक्रीची युक्ती आपल्याच नावावर उलटते आहे, हे त्या चतुर माणसाला दिसत नव्हते असे मी मानत नाही.

पुढे कॅसेटवाले आले. त्यांनी कुठल्याशा गायिकेकडून ते गाणे घेतले आणि वेष्टणावर ‘पारंपरिक’ छापले. मी त्याच आठवड्यात नोटिशीचा मसुदा करून दादांकडे गेलो. ते खाटेवर बसून शेंगा फोडत होते.

“सही करा,” मी म्हणालो.

“कोर्टसाहेब, गाणं मी बाजारात विकलं. विकलेल्या म्हशीमागं कुणी दावा लावीत फिरतो का?”

“म्हैस विकली तरी ती कुणाच्या गोठ्यात जन्मली हे बदलत नाही.”

“म्हशीला इचारा की मग,” असे म्हणून त्यांनी माझ्यापुढे शेंगांचे सूप सरकवले. सही त्यांनी केली नाही. त्या सुपातली एकही शेंग मी खाल्ली नाही, आणि पुढे कित्येक महिने त्यांच्या दारातही गेलो नाही. हा राग मी आजही सोडलेला नाही.

कॅसेटवाल्यांचे एक वेळ समजू शकतो. ते परगावचे, घाईत आलेले. समितीचे तसे नाही. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक आहेत आणि फिरायला जाताना दादांच्या घरावरून जातात. समितीने जिल्हाभर हिंडून गाणी गोळा केली म्हणतात. त्या हिंडण्यात बेलापूरचे एक दार त्यांना ठोठावता आले नाही? ग्रंथात गाण्याखाली छापले आहे : ‘कवी अज्ञात’. जिवंत, चालत्याबोलत्या, समोरून जाताना ज्याला नमस्कार करता, त्या माणसाला अज्ञात ठरवण्याचा अधिकार कोणत्या ठरावाने मिळतो?

उत्तम शुक्रवारी मी ते पान उघडून दादांपुढे धरले. त्यांनी भिंग लावून वाचले. “बघा कोर्टसाहेब, जिवंतपणी परंपरा झालो,” असे म्हणून ते हसले. मग हसू ओसरले. बराच वेळ त्यांचे बोट त्या ‘अज्ञात’वर होते... “इतकं बी न्हाई करायला पाहिजे हुतं यांनी,” ते हळू म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेली ही एकमेव तक्रार. मग ते गुणगुणू लागले. तिसरे कडवे संपले आणि हात आपोआप वर गेला. मी वाट पाहिली. ते थांबले ते थांबलेच. ही आमची शेवटची भेट.

दफनाच्या वेळी गायकमंडळाने तेच गाणे म्हटले, समितीच्या ग्रंथात पाहून. तीन कडवी झाली आणि पोरांनी ग्रंथ मिटले. अध्यक्ष हार घेऊन आले होते, ते ‘लोकगीतांच्या या थोर प्रेमीस’ अशी सुरुवात करणार, तोच मागून आवाज आला, “थांबा की वो! नाव ऱ्हायलं न्हवं मानसाचं!” शेवगावकडच्या कौसाबाई होत्या, जन्मभर ऊस तोडलेल्या, पहाटे टेम्पोत बसून आलेल्या. त्यांच्या यजमानांनी कधीकाळी पुस्तिका विकत घेतली होती. कौसाबाईंनी कबरीशी उभे राहून चौथे कडवे म्हटले. आवाज फाटलेला, पण शब्द एकही अडखळला नाही. दुसऱ्या ओळीला गर्दीच्या दुसऱ्या टोकाकडून राहात्याचे एक वृद्ध गृहस्थ त्यांना मिळाले. दोघांनी एकमेकांना पूर्वी कधी पाहिलेले नव्हते. मी दोघांनाही वेगवेगळे विचारून खात्री केली आहे. एकमेकांस अपरिचित दोन साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून बोलतात, तेव्हा न्यायालय काय मानते हे मी अनेकदा पाहिले आहे.

मी अध्यक्षांना तिथेच विचारले, “ऐकलंत?”

“ऐकलं. पण ते प्रक्षिप्तही असू शकतं. छापील प्रत आहे का?”

छापील प्रत नाही. दादांनी विकलेल्या पुस्तिका पातळ कागदाच्या, त्या हाताळून फाटल्या, कौसाबाईंकडचीही, आणि उरलेल्या वाळवीने खाल्ल्या. अध्यक्षांना हे माहीत होते, म्हणूनच त्यांनी विचारले. त्यानंतर मी समितीला पत्रे पाठवली. पोच आली, उत्तर आले नाही. म्हणून आता जाहीरपणे लिहितो आहे.

दादांचा तो लाकडी खोका त्यांच्या सुनेने मला दिला. तो माझ्या ओसरीवर उपडा ठेवलेला आहे आणि त्यावर मी कुणालाही बसू देत नाही. चौथे कडवे मी या लेखात मुद्दाम छापत नाही. अध्यक्षांनी याच पुरवणीत, स्वतःच्या नावानिशी, दोहोंपैकी एक उत्तर द्यावे : एक तर ‘कवी अज्ञात’ हे शब्द मागे घेऊन त्या जागी शांतवनदादांचे नाव छापावे, नाहीतर बेलापूरच्या बाजारात यावे, खोका मी घेऊन येतो, त्यावर उभे राहून ते ‘पारंपरिक’ गाणे कौसाबाईंसमोर शेवटपर्यंत म्हणून दाखवावे. तिसऱ्या कडव्यानंतर हात वर करून थांबता येणार नाही. ती मुभा एकाच माणसाला होती.