उशिरा हलणारी गाडी

हे गेल्यापासून सांत्वनाला येणारी माणसं अंगणातल्या यांच्या जुन्या गाडीपाशीच अधिक रमतात. आज धाकट्या दिरांनी ती सुरू केली. ऑटोमॅटिक गिअरचा दांडा खाली ओढला. गाडी लगेच हलली नाही, तसा त्यांनी अॅक्सिलरेटर दाबला. तिने गचका दिला.

"वहिनी, गिअरबॉक्स गेला. साधा हातगिअर बसवून घेऊ."

"तेल जळलंय," शेजारचे काका म्हणाले. त्यांनी बॉनेटही उघडलं नव्हतं.

माझ्याही बाबतीत या सगळ्यांचं निदान असंच तयार असतं. प्रवासाला जा, भजनाला जा. उत्तर न ऐकता चहा संपवतात. ज्यांना क्षणभर थांबता येत नाही, त्यांना सगळंच बिघडलेलं दिसतं.

"भावोजी, उतरा," मी म्हणाले आणि स्टिअरिंगवर बसले. थंड गाडीत तेलाचा दाब जमायला वेळ लागतो, असं हे सांगत आणि दांडा ओढून स्वस्थ बसत. मीही बसले.

"बघा, नाहीच हलत," भावोजी समोरून हसले.

आतून हलकासा धक्का आला. गाडी आपणहून पुढे सरकली, आणि भावोजींना बाजूला व्हावं लागलं.