उकळत्या पाण्यातला थर्मोस्टॅट

मुळशीतला तो मेकॅनिक बोलायचा कमी, खेकसायचा जास्त. माझ्या जुन्या पिकअपचं इंजिन तापायला लागलं, की मोडीतले चार-पाच थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट उघडून देणाऱ्या झडपा, दोऱ्याला बांधून तो उकळत्या पाण्यात सोडायचा. वेळेवर उघडेल तोच बसवायचा. बाकीचे ड्रायव्हर थर्मोस्टॅट काढूनच टाकत. त्यांना तो शिव्या घालायचा. "गार इंजन झिजतंय. जरा तापाया पायजेच त्याला!"

बाळंतपणात बायकोचं रक्त थांबेना, म्हणून तिला घेऊन पुण्याला निघालो, तेव्हा गाडी नेमकी त्याच्या दारात उकळली. त्याने निवडानिवड केलीच नाही. वाफेत हात घालून अडकलेला थर्मोस्टॅट उपटून फेकला आणि गार पाण्याने इंजिन तडकू नये म्हणून चुलीवरचं गरम पाणी रेडिएटरमध्ये ओतलं.

"जावा. कुटं थांबू नगा."

संध्याकाळी परत आलो. त्याच्या भाजलेल्या हाताला फडकं होतं. त्याच हातात, पाण्यात पारखून ठेवलेला थर्मोस्टॅट घेऊन तो पुढे आला. गाडीच्या हौद्यात, तोंडावरून ओढलेल्या चादरीखाली ती होती. त्याने पाहिलं आणि थर्मोस्टॅट खिशात टाकला.

"ऱ्हाऊ द्या आज," तो म्हणाला. आवाज कधी नव्हे इतका हळू होता. "सावकाश जावा आता."