साखळीचं दुसरं टोक

साखळीचा पहिला फटका तोंडावर बसला. शेत मोजायची लोखंडी साखळी, तेहेतीस फुटांची. समोरचा दात तुटला. तोंड रक्तानं भरलं.

मारणारा आमचा मास्तर. अकोल्याच्या मोजणीवर्गात तो शिकवायचा. कापसापायी वऱ्हाडातली पडीक जमीनही नांगराखाली आली होती. मोजणीदार कमी पडत होते, म्हणून गोऱ्या साहेबानं माझ्यासारख्या महाराच्या पोरालाही घेतलं. बाकीचे ओसरीवर बसायचे, मी अंगणात, उन्हात. तरी शिकलो. हा मार बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. ज्याचं माप साहेबाच्या मापाशी जुळेल, तो मोजणीदार.

सरावाला साखळीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं मास्तराकडे. पण लोखंडातून माझा विटाळ त्याच्यापर्यंत पोचायचा म्हणे. मी टोक उचललं की तो आपलं टोक मातीत टाकायचा. साखळी ढिली पडायची. दर साखळीला वीतभर जमीन कमी भरायची, साखळ्या जास्त लागायच्या, अन् शेत कागदावर वाढायचं. मग तो सगळ्यांदेखत ओरडायचा, "महाराच्या डोक्यात माप शिरत नाही!"

माझ्या बापानं दर्यापुराकडे जन्मभर गावाची शीव राखली. शिवेचा तंटा लागला की शेवटचा शब्द त्याचा. त्याच्या पोराला जमिनीचं माप कळत नाही? त्या दिवशी डोकं सणकलं.

"मास्तर, तुमी टोक सोडता, म्हून शेत वाढून राहिलं."

ओसरीवर कोणीतरी फिसकन हसलं. तेव्हा त्यानं साखळी उचलली.

दुसरा फटका पाठीवर. तिसरा मानेवर. मारताना विटाळ होत नव्हता बरं! चौथा आला तशी मी साखळी मुठीत धरली. कडी तळहातात रुतली. मी ओढली. त्यानंही ओढली. रागात सोडायचं भानच राहिलं नाही त्याला.

आमच्या मध्ये साखळी ताठ झाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

मी रक्त थुंकलो. "हे पाहा मास्तर. अशी धरा लागते."

चटका बसल्यासारखी त्यानं साखळी टाकली अन् आंघोळीला पळाला.

मी गेलो नाही. कडीत खुंटी ठोकली अन् एकट्यानं ते सरावाचं शेत मोजलं. खुंटी विटाळ मानत नाही. माप बरोबर आलं.

तिथंच ठरवलं. उद्या हेच सुजलेलं तोंड घेऊन परीक्षेला उभा राहीन. साहेबाला सांगेन, दुसरं टोक मास्तराच्याच हातात द्या. त्यानं टाकलं, तर पहिल्या साखळीपासून पुन्हा मोजायला लावीन. तो धरेपर्यंत.