दोन शेडच्या कोंबड्या

माझ्या नणंदेने, म्हणजे आमच्या वन्संनी, बावीस वर्षं एकाच अंड्यांच्या फार्मवर कोंबड्या सांभाळल्या. मीही तिथेच, पॅकिंगला. वन्सं तोंडाने फटकळ. घरात सगळ्यांशी त्यांचं वाजायचं, माझ्याशी तर रोजच. पण कोंबडीवर आवाज चढवलेला कधी ऐकला नाही. मी म्हणायचे, पुढच्या जन्मी तुमची कोंबडी होते वन्सं, दोन शब्द गोड तरी कानावर पडतील.

फार्मवर दोन शेड. पहिलीत कोंबड्या मोकळ्या. खाली भुसा, बसायला दांड्या, अंडी घालायला खोकी. दुसरीत पिंजरे, एकेकात पाच जणी, पंख उघडायची सोय नाही. कोंबडी तीच, खाद्य तेच, फरक काय तो अंडी खाणाऱ्यांचा. पहिलीची अंडी ज्या देशात जायची, तिथे पिंजऱ्यातलं अंडं विकायलाच बंदी. दुसरीची अंडी जायची आणखी एका देशात, तिथल्यांना अंडं मोठं आणि स्वच्छ असलं की पुरे. उरलेली इथल्या बाजारात. इथल्या कायद्यात पिंजऱ्याची लांबी-रुंदी लिहिलेली आहे म्हणे. ती मोजायला आलेला माणूस मी काही अजून पाहिलेला नाही.

त्या पहिल्या देशाचा तपासणीस मात्र वर्षातून एकदा यायचाच, आधी रीतसर पत्र पाठवून. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेत नऊच कोंबड्या हव्यात, हा त्यांचा नियम. मालक भरायचा जास्त. मग तपासणीच्या दिवशी पहाटेच वन्संनी दोनशे मोकळ्या कोंबड्या धरायच्या आणि दुसऱ्या शेडमध्ये पाचांच्या पिंजऱ्यात सहावी कोंबायची. साहेब गेला की परत आणायच्या. दरवर्षी हाच उपद्व्याप. त्या दिवशी वन्सं घरी येऊन न जेवता झोपायच्या.

यंदाची तपासणी त्यांची शेवटची. पुढच्या महिन्यात निवृत्ती, गुडघे तर केव्हाच कामातून गेलेले. तपासणीस भला माणूस होता. एकेक कोंबडी उचलून त्याने पाय बघितले, पिसं बघितली, छान ठेवल्यात म्हणाला. इतकी वर्षं साहेबासमोर वन्संच्या तोंडाला कुलूप होतं. या वेळी त्यांनी दुभाष्याला सांगितलं, साहेबांना विचार, शेजारच्या शेडमध्ये येता का. दुभाष्याने आधी मालकाकडे बघितलं, मग चाचरत विचारलं. तपासणीसाने मान खाली घातली. "ती आमच्या यादीत नाही, बाई. मला तिथे जायचा अधिकार नाही." तो खोटं बोलत नव्हता, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं.

दुपारी दोनशे कोंबड्या परत न्यायला वन्संनी मला मदतीला घेतलं. पहिलीच जोडी हातात घेतली, तर नखं ही लांब, वळलेली. जमिनीवर उकरणाऱ्या कोंबडीची नखं अशी वाढत नाहीत.

"वन्सं, या आपल्या नव्हेत."

"माहितीये. त्या वर्षभर फिरल्या. आता यांचा नंबर. जाताना एवढं तरी करून जाते."

मागे राहिलेल्या दोनशे जणींचं काय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण वन्संचा चेहरा किती दिवसांनी असा फुललेला बघत होते. म्हटलं, जाऊ दे. मीही मुकाट्याने वाहिल्या.

संध्याकाळी दिवे मंद झाले, तशा जुन्या कोंबड्या दांड्यांवर जाऊन बसल्या असतील. या नव्या आलेल्या मात्र जन्मात कधी दांडीवर बसलेल्या नाहीत. एवढी मोकळी जमीन बघून बिचाऱ्या भेदरल्या आणि भिंतीच्या कोपऱ्यात एकीवर एक चढत गेल्या. सकाळी दार उघडलं तर कोपऱ्यात ढीग. खालच्या एकाहत्तर गुदमरून मेलेल्या. पिल्लू असतानाच दांडीची सवय लावा, नाहीतर ढीग होतो, हे फार्मवरच्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवलेलं कोणी? वन्संनीच. आनंदाच्या भरात त्यांच्याच ध्यानात राहिलं नाही.

मालक येऊन बघून गेला. होतं असं कधी कधी, मनाला लावून घेऊ नका म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर वन्संना बरं वाटलं असतं.

त्यांनी एकेक मेलेली कोंबडी स्वतः उचलली, मला हात लावू दिला नाही. मग म्हणाल्या, उरलेल्या परत नेऊ, अजून एक रात्र काढायच्या नाहीत या. आम्ही आधी पिंजऱ्यात राहिलेल्या कालच्या दोनशे जणी मोकळ्या शेडमध्ये सोडल्या, त्या सुटल्या तशा भुसा उडवत पळाल्या. मग उरलेल्या एकशे एकोणतीस पिंजऱ्यात घातल्या. घातल्याबरोबर त्यांनी जाळीतून माना बाहेर काढल्या आणि खायला सुरुवात केली.

वन्सं तिथेच जमिनीवर बसल्या. बावीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"बघ ना," त्या म्हणाल्या, "यांना इथेच बरं वाटतंय."

शेवटच्या पिंजऱ्याचं दार उघडंच राहिलं होतं. एकही बाहेर आली नाही. मी कडी लावली.