तातेराव गुरुजींचं धुराडं

टेंभुर्णीचे तातेराव गुरुजी शाळेत चौथीला शिकवायचे आणि घरी उन्हाशी भांडायचे. शाळेचा पगार मिळे, भांडण फुकटचं होतं. पण जीव त्यांचा भांडणातच जास्त.

दारातला लिंब बहात्तरच्या दुष्काळात वाळून गेला आणि बैठकीच्या खोलीवरचे पत्रे उघडे पडले. मे महिन्यात त्या खोलीत बसलं की तव्यावरच्या भाकरीची सुखदुःखं कळायची. मागच्या उन्हाळ्यात बेबीनंदाला पाहायला आलेले पाहुणे पोह्यांच्या बशा तशाच ठेवून उठले. निरोप आला, "पोरगी चांगली हाय, पण आमचं पोरगं सासुरवाडीला जाऊन भाजून निघंल." गुरुजींना हे फार लागलं. एकुलती एक लेक, मॅट्रिक झालेली, आणि पत्र्यापायी तिचं लग्न अडावं?

आता धावड्याहून दुसरे पाहुणे येणार होते, तेही भर उन्हाळ्यातच. मुलगा मच्छिंद्र, तिथल्या शाळेत मास्तर. बेबीनंदानं त्याला मामाच्या गावच्या लग्नात पाहिलं होतं, आणि तेव्हापासून एसटीवर धावड्याची पाटी दिसली तरी ती लाजायची. ही सोयरीक हातची जाऊन चालणार नव्हतं.

गुरुजींनी बायकोपुढे विज्ञानाचं पुस्तक उघडलं. "कांता, उष्णता तीन वाटांनी येती. वहन, अभिसरण, प्रारण. तिन्हीचा बंदोबस्त करतो बघ."

"चौथी वाट म्हायेरची," कांताबाई म्हणाल्या. "ती तेवढी माझ्यासाठी उघडी ठेवा."

ऊन आल्या पावली परत जावं म्हणून गुरुजींनी पत्र्यांना चुना फासला. पत्र्यांची धग डोक्यावर उतरू नये म्हणून खाली तुराट्यांचं छत बांधलं. मग छताला भोक पाडून, आढ्याजवळचा पत्रा कापून त्यात बुडं काढलेले गोडेतेलाचे डबे एकावर एक जोडले आणि धुराडं उभं केलं. गरम हवा वरून बाहेर जाणार, तिच्या जागी गार हवा खालून येणार. गुरुजी घरातच वीटभट्टी टाकून राह्यले, असं गावात बोललं जाऊ लागलं. गुरुजींनी उदबत्ती लावून पाहिली. धूर सरळ डब्यांत शिरून बाहेर! ते खोलीभर नाचले. त्या वेळी चूल विझलेली होती, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पाहुणे आले त्या दुपारी झळा नकोत म्हणून खिडकी लावली होती आणि दाराला ओल्या गोणपाटाचा दुहेरी पडदा होता. मुलाचे वडील सर्जेराव जयभीम करून टेकले आणि टोपी काढत म्हणाले, "गुरुजी, तुमच्या घरात तर बिलकुल माघ लागून राह्यला की!" गुरुजींची छाती फुगली. मुलाची आई द्वारकाबाई बेबीनंदाला विचारू लागल्या, "पोरी, सैपाक येतो का तुला?"

नेमक्या त्याच वेळी आत कांताबाईंनी ठेच्यासाठी मूठभर मिरच्या तव्यावर टाकल्या.

गरम हवा वर निघालीच होती. तिच्या जागी दुसरी यायलाच हवी. खिडकी बंद, दारात गोणपाट. उघडं राहिलं ते फक्त स्वयंपाकघराचं दार. अभिसरण काही पाहुणे-बिहुणे बघत नाही. मिरचीचा सगळा खकाणा बैठकीत शिरला. सर्जेरावांना ठसका लागला, द्वारकाबाईंच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या, मच्छिंद्र शिंकून शिंकून दुमडला. गुरुजी तशातही वर बोट दाखवत होते. "बघा, वढ किती जोरात हाय!" शेवटी सगळे पडदा ओरबाडून ओट्यावर पळाले.

समोरच्या केशरबाईंनी पाहिलं, दोन्हीकडची माणसं पदर-रुमाल डोळ्यांना लावून ओक्साबोक्शी रडताहेत. पोरगी द्यायचं ठरल्याशिवाय एवढं कोण रडतं? त्या साखरेचा डबाच घेऊन धावल्या. "जमलं म्हणा की!" द्वारकाबाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर त्यात साखर पडली. घशाला बरं वाटलं, तसा त्यांनी स्वतःच हात पुढे केला. सर्जेरावांनी तर बकाणेच भरले. गल्ली गोळा झाली.

ठसका थांबल्यावर सर्जेराव म्हणाले, "आमचं अजून काई ठरलं न्हाई."

"मंग पावणं," शेजारचे म्हातारे पुंजाराम म्हणाले, "एवढी साखर कशापायी खाल्ली?"

चारचौघांत साखर खाल्ली की सोयरीक पक्की. सर्जेरावांना रिवाज मोडवेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"पोरगी स्वतः खोकत आल्ती, पण पाणी आधी मला दिलं," द्वारकाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मला पसंत हाय. ठेचा तेवढा आमी आमच्या घरी खाऊ."

पावसाळ्याआधी लग्न लागलं. वऱ्हाडाचा ट्रक वळणाआड गेला आणि गुरुजी आत येऊन धुराड्याखाली बसले. खोली छान गार होती. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, पुन्हा पुसले आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, "कांता, मिरच्या जरा बेतानं भाज. खकाणा हितं येऊन राह्यला."

कांताबाई बाहेरून आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"अवं, जेवणं मांडवात झाली," त्या म्हणाल्या. "आज चूल पेटवलीच न्हाई."